डिझेलच्या कुटुंबगाडीचा जमाखर्च

दुकानासाठी तराजू घेताना जो मनुष्य त्याची दांडी दहा वेळा उचलून पाहतो, तोच मनुष्य घरासाठी मोटार घेताना तिचा रंग पाहून विसार देऊन मोकळा होतो, असे आमच्या बाजारात अनेकदा दृष्टीस पडते. विक्रेत्याच्या दालनात गाडी रिकामी असते. तिच्यात वृद्ध माणसे नसतात, मुले नसतात, पाण्याचे हंडे नसतात की पूजेच्या वस्त्रांचे गाठोडे नसते. अशा रिकाम्या गाडीत बसून तिचे गुणदोष ठरविणे म्हणजे पारड्यात माल न घालता वजन सांगण्यासारखे होय. स्मरणिकेच्या संपादकांनी या विषयावर लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही गेल्या बारा-तेरा वर्षांची आमची डिझेलची वही काढली आणि तिच्या आधारे चार गोष्टी सभासद बंधुभगिनींपुढे मांडण्याचे योजिले.

हैदराबादेतील मराठी जैन कुटुंबास सात आसनांची गाडी का लागते, हे बाहेरच्या माणसास समजावून सांगावे लागेल, आपणांस नव्हे. आपल्यापैकी बहुतेकांची मुळे मराठवाड्यात आहेत. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि ज्या गावास काल आपण आपल्याच राज्यातले गाव म्हणत होतो, ते परराज्यातले झाले. पेढी येथे राहिली. कुलदेवता, मामाचे घर, मुलीचे सासर आणि सिद्धक्षेत्रे तिकडे राहिली. त्यामुळे जाणेयेणे संपले नाही. त्यातही आपले जाणे एकट्यादुकट्याचे नसते. कुंथलगिरीस जावयाचे म्हटले की आई-वडील, काकी, दोन सुना, मुले असा मेळा निघतो. पाच आसनांच्या गाडीत तो मावत नाही आणि दोन गाड्या काढल्या तर खर्च दुप्पट होऊन गप्पा मात्र निम्म्या होतात.

या जातीच्या वाहनाचा इतिहास आपल्या समाजास परका नाही, ही गोष्ट नव्या पिढीस ठाऊक असतेच असे नाही. मुंबई विधानसभेचे एके काळचे अध्यक्ष कुंदनमल फिरोदिया हे अहमदनगरचे. त्यांचे चिरंजीव नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या बजाज टेम्पो कंपनीने १९५८ पासून जर्मन टेम्पो वाहने या देशात बनविण्यास आरंभ केला. तिलाच पुढे २००५ मध्ये फोर्स मोटर्स हे नाव मिळाले. याच कंपनीची 'मॅटाडोर' १९६९ साली आली. हे नाव इतके रूढ झाले की चौकोनी आकाराची कोणतीही डिझेल गाडी दारात उभी राहिली, तरी घरातील बायका 'मॅटाडोर आली' असेच म्हणत. वऱ्हाड, माल, शाळेची मुले आणि यात्रेकरू या सर्वांना तिने सारख्याच धक्क्यांनी वाहिले. ती आरामाची गाडी नव्हती. परंतु मोठ्या मेळ्याला थोड्या खर्चात एकत्र नेणे, हा या वाहनाचा मूळ धर्म तिने घालून दिला, आणि पुढच्या प्रत्येक गाडीची परीक्षा त्याच कसोटीवर करणे आम्हांस योग्य वाटते.

मधल्या काळात १९९४ मध्ये टाटांची सुमो आली, २००० मध्ये टोयोटाची क्वालिस आली आणि २००५ मध्ये तिची जागा इनोव्हाने घेतली. इनोव्हाच्या गुणांविषयी वाद नाही. तिच्या किमतीविषयी आहे. मध्यम व्यापाऱ्यास परवडेल अशी सात आसनांची डिझेल गाडी खऱ्या अर्थाने १२ एप्रिल २०१२ रोजी बाजारात आली, ती मारुतीची अर्टिगा. डिझेलच्या आरंभीच्या प्रतीची किंमत दिल्लीत ७ लाख ३० हजार रुपये होती. लांबी ४,२६५ मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार मीटर. उस्मानगंजच्या गल्लीत वळविता येईल इतकी आटोपशीर.

तिच्या पोटातले यंत्र १,२४८ घनसेंटिमीटरचे, ९० अश्वशक्तीचे. मूळ रचना इटलीच्या फियाटची. हेच यंत्र स्विफ्टमध्ये होते, फियाटच्या स्वतःच्या गाड्यांत होते आणि टाटांच्या काही गाड्यांतही होते. म्हणून वाहनांवर लिहिणारे लोक त्यास थट्टेने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणू लागले. मारुतीला ही यंत्रे इतकी अपुरी पडू लागली की जानेवारी २०१२ मध्ये तिने पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून वर्षाला एक लाख यंत्रे घेण्याचा करार फियाटशी केला. या यंत्राचे वैशिष्ट्य असे की, जुन्या डिझेल यंत्रांत प्रत्येक आवर्तनास इंधनाचा एकच मोठा फवारा पडे, तेथे यात लहान लहान अनेक फवारे नेमक्या क्षणी पडतात. त्यामुळे ज्वलन शांतपणे होते, खडखडाट कमी होतो आणि थोड्या इंधनात अधिक काम निघते. सरकारमान्य चाचणीत या गाडीस लीटरमागे २०.७७ किलोमीटर अंतर मिळाले होते. तिच्याच पेट्रोल आवृत्तीस १६.०२ मिळाले.

आता व्यापाऱ्याच्या भाषेत बोलू. मे २०१२ च्या अखेरीस दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे आणि डिझेल ४० रुपये ९१ पैसे लीटर होते. म्हणजे चाचणीच्या आकड्यांनी पेट्रोल गाडीस किलोमीटरमागे सुमारे ४ रुपये ५७ पैसे, डिझेल गाडीस १ रुपया ९७ पैसे. प्रत्येक किलोमीटरला २ रुपये ६० पैशांची बचत. डिझेल गाडी पेट्रोल गाडीहून १ लाख ४१ हजार रुपयांनी महाग होती. ही जादा रक्कम व्याज न धरता सुमारे ५४ हजार किलोमीटरांत फिटत असे. वर्षास वीस हजार किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबास पावणेतीन वर्षांत भांडवल परत. असा व्यवहार कोण सोडील? आम्हीही सोडला नाही, आणि २०१३ च्या दसऱ्यास ही गाडी आमच्या दारात आली.

परंतु हा हिशेब ज्या पायावर उभा होता तो पाया सरकारी सवलतीचा होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव मोकळा झाला. बत्तीस रुपयांचे अंतर आकसत गेले, आणि २४ जून २०२० रोजी तर दिल्लीत डिझेलने पेट्रोललाच मागे टाकले. फेब्रुवारी २०२२ मध्ये कियाची कॅरेन्स ही नवी सात आसनांची गाडी आली, तेव्हा पेट्रोल व डिझेलच्या पहिल्या प्रतींच्या आरंभीच्या किमतीत दोन लाखांचे अंतर होते (८.९९ लाख आणि १०.९९ लाख), आणि हैदराबादेत दोन्ही इंधनांच्या भावात साडेतेरा रुपयांच्या आसपास अंतर उरले होते. डिझेलला लीटरमागे २१.३ किलोमीटर, पेट्रोलला सोळाच्या आसपास असे धरले, तर किलोमीटरमागे बचत सव्वादोन रुपयांच्या किंचित वर जाते आणि जादा दोन लाख फिटण्यास पंच्याऐंशी हजारांच्या घरात किलोमीटर लागतात. चोपन्न हजारांचे पंच्याऐंशी हजार झाले, ही दहा वर्षांतली वजाबाकी ज्याने केली नाही, त्याने केवळ 'डिझेल स्वस्त पडते' या जुन्या वचनावर गाडी घेऊ नये. जुनी वचने जुन्या भावांवर बेतलेली असतात.

चाचणीचा आकडा आणि वहीतला आकडा यांत भेद असतोच. आमच्या वहीप्रमाणे सात माणसे भरून, वातानुकूलन चालू ठेवून सोलापूर रस्त्याला गाडीने लीटरमागे सतरा-अठरा किलोमीटर दिले. बेगम बाजार ते घर या रोजच्या फेरीत मात्र बारा-तेरावर समाधान मानावे लागले. टाकी ४५ लीटरची, म्हणून हैदराबादहून कुंथलगिरीस जाऊन परत येण्यास एकदा भरलेली टाकी कशीबशी पुरते. आम्ही तो प्रयोग कधी शेवटपर्यंत नेला नाही.

आसनांविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण कुटुंबातील अर्धे कलह तेथेच उत्पन्न होतात. पुढची दोन उत्तम. मधली ओळ पुढेमागे सरकते, हा मोठा गुण. मागच्याची कणव आली तर चार बोटे पुढे सरकता येते. तिसरी ओळ मुलांची. तेथे फरशी उंच असल्यामुळे गुडघे छातीकडे येतात आणि मधले आसन दुमडून आत शिरावे लागते. बारा-चौदा वर्षांची मुले तेथे आनंदाने बसतात. साठी ओलांडलेल्या माणसास तेथे बसविणे हा अविनय होय. सातही जागा भरल्या म्हणजे मागे सामानास १३५ लीटर जागा उरते; दोन पिशव्या आणि एक डबा. आपल्या यात्रेचे सामान इतरांहून वेगळे. उकळून गाळलेल्या पाण्याची भांडी, खाकरे, शिध्याचा डबा, अष्टद्रव्याचे साहित्य आणि ज्यास कोणाचा स्पर्श होऊ द्यावयाचा नाही असे शुद्ध वस्त्रांचे गाठोडे, एवढे घेऊन निघावयाचे तर छपरावर लोखंडी सांगाडा बसवावाच लागतो. आणि सांगाडा आला की वाऱ्याचा रोध आला, वजन आले, इंधन आले. जाता जाता एक सूचना: विक्रेते आसनांस चामड्याची खोळ घालण्याचा आग्रह धरतात. पुष्कळदा ते रेक्झीन असते, पण स्पष्ट विचारून घ्यावे. आपल्या घरी कापडी आसनच बरे.

आता मुख्य प्रसंगाकडे वळतो. इतरांना गाडीचा वेग घड्याळाशी मोजता येतो. आपणांस तो सूर्याशी मोजावा लागतो. नवकारशी पाळणाऱ्यास सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांपर्यंत तोंडात काही घालता येत नाही आणि सूर्यास्तानंतर भोजन नाही. हिवाळ्यात मधला दिवस लहान. एका जानेवारीत आम्ही कुंथलगिरीस निघालो. कुलभूषण आणि देशभूषण या मुनींची ती निर्वाणभूमी. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखना तेथेच पूर्ण झाली. आमच्या मातोश्रींनी लहानपणी त्या दिवसांतील गर्दी वडिलांच्या खांद्यावरून पाहिली होती. त्यांना पुन्हा एकदा तेथे जावयाचे होते.

जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग, तुळजापूर, धाराशिव, येरमाळा असा पावणेचारशे किलोमीटरांच्या आसपासचा मार्ग. सातला निघावयाचे ठरले होते; नेहमीप्रमाणे नऊ वाजले. माणसे सात आणि छपरावरचे सामान आणखी एका माणसाच्या वजनाचे. चालविणारा पुतण्या. हमरस्त्यावर गाडी सुरेख चालली. ऐंशी-नव्वदच्या वेगास यंत्र जणू झोपेत असल्यासारखे शांत होते, छपरातून येणारी थंड हवा मधल्या ओळीस पुरत होती, आणि मातोश्री मधल्या आसनावर जप करीत होत्या. अडचण धाराशिवच्या पुढे आली. उसाचे दिवस. दोन दोन गाडे जोडलेले ट्रॅक्टर एकामागे एक रस्त्याने चाललेले, आणि बालाघाटच्या डोंगररांगेतले चढ.

येथे या यंत्राचा स्वभाव सांगितला पाहिजे. या डिझेल यंत्राचा प्राण टर्बो नावाच्या पंख्यात असतो. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने तो फिरतो आणि यंत्रात अधिक हवा कोंबतो. यंत्राचे फेरे मिनिटास अठराशे-दोन हजारांच्या वर असले की गाडी हुरूपाने ओढते. फेरे त्याखाली उतरले की पंखा मंदावतो आणि गाडी क्षणभर श्वास कोंडल्यासारखी होते. रिकाम्या गाडीत हे जाणवत नाही. भरलेल्या गाडीत, चढावर, उसाच्या गाड्यामागे ते फार जाणवते. उपाय साधा आहे: वेळीच खालचा गिअर टाकून फेरे चढते ठेवणे. पुतण्यास शहरात वरच्या गिअरमध्ये आरामात चालविण्याची सवय. प्रत्येक ट्रॅक्टरमागे तो थांबे, ओलांडण्याचा यत्न करी, गाडी ओढीत नाही असे पाहून पुन्हा मागे येई. आम्ही मागून सूचना देत होतो, त्यांचा उपयोग सूचनांचा होतो तितकाच झाला. येरमाळा मागे पडले तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. कुंथलगिरीच्या धर्मशाळेत पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते.

मातोश्रींनी सकाळी अकरानंतर काही घेतले नव्हते. त्या रात्री त्यांनी पाणीही घेतले नाही. पुतण्या ओशाळून म्हणाला, "आजी, गाडी ओढत नव्हती." त्या म्हणाल्या, "गाडीला कशाला बोल लावतोस बाळा? नऊ वाजता निघालो ते आपणच ना?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डोंगरावर पायी चढल्या. डोलीत बसण्याचे त्यांनी नाकारले.

परत येताना छपरावरचे निम्मे सामान तेथल्या एका परिचित कुटुंबाकडे ठेवले आणि पुतण्याने दर चढावर आधीच गिअर उतरविला. तीच गाडी, तीच माणसे. उमरग्यास आम्ही ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचलो. त्या दिवसानंतर आमच्या वहीत डिझेलच्या रकान्याशेजारी निघण्याची वेळ आणि सूर्यास्ताची वेळ असे दोन नवे रकाने पडले.

रस्त्याविषयी बोलत आहोत तोवर आणखी एक गोष्ट. पहाटेच्या अंधुक वेळी हमरस्त्याच्या कडेने विहार करणाऱ्या साधुसाध्वींना भरधाव वाहनांची धडक बसल्याच्या वार्ता आपण वारंवार वाचतो आणि हळहळतो. त्या वाहनांपैकी एखादे यात्रेस निघालेल्या श्रावकाचेही असू शकते, हा विचार पहाटे गाडी काढताना मनात असावा. आम्ही उजाडल्याखेरीज हमरस्त्याला लागत नाही.

शहरातल्या डिझेल गाडीची कथा निराळी. एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ हे धुराचे कडक नियम लागू झाले. मारुतीने त्याआधीच एक वर्ष डिझेल गाड्या बंद करण्याचे जाहीर केले होते, त्यामुळे लीटरमागे २४.२० किलोमीटर देणारी, दीड लीटर यंत्राची नवी डिझेल अर्टिगा २०१९ मध्ये आली आणि वर्षभरात गेलीही. नियमांप्रमाणे नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी धरणारी एक जाळी असते. काजळी साठली की ती मोठ्या उष्णतेने जाळून टाकावी लागते, आणि ती उष्णता लांबच्या, वेगाच्या प्रवासातच निर्माण होते. आमच्या एका स्नेह्यांची नवी गाडी, कोणत्या कंपनीची हे सांगण्याचे कारण नाही, घर ते सुलतान बाजार एवढेच अंतर दिवसातून दोनदा कापीत असे. सहा महिन्यांत समोरच्या फळीवर इशाऱ्याचा दिवा लागला. मग ते दर पंधरवड्यास बाह्य वर्तुळमार्गावर गाडी घेऊन जाऊ लागले. केवळ काजळी जाळण्यासाठी १५८ किलोमीटरांच्या त्या रस्त्याचा एक मोठा तुकडा फिरून परत. इंधन वाचविण्यासाठी घेतलेली गाडी इंधन जाळण्यासाठी फिरवावी लागते, याहून उलटा जमाखर्च आम्ही पाहिला नाही.

आणि काजळीचा प्रश्न केवळ जाळीचा नाही. ज्या २०१२ साली आपण सर्वजण डिझेलच्या स्वस्ताईकडे धावलो, त्याच वर्षी जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुरास निश्चित कर्करोगकारक पदार्थांच्या वर्गात घातले. वायुकायिक जीवांची यतना सांगणाऱ्या, मुखावर वस्त्र धरून बोलणाऱ्या साधूंच्या परंपरेत वाढलेल्या आपण लोकांनी त्या बातमीकडे फारसे लक्ष दिले नाही. आम्हीही दिले नाही. नियम कडक झाल्यामुळे नव्या गाड्यांचा धूर पुष्कळ निवळला आहे, हे खरे. आमच्या २०१३ च्या गाडीचा तसा नाही, हेही खरे.

मग आज घेऊ इच्छिणाऱ्याने काय पाहावे? नाशिकला महिंद्रांनी सप्टेंबर २०१८ मध्ये आणलेली मराझो ही आम्हांस या जातीची फार समतोल गाडी वाटली होती. १२३ अश्वशक्तीचे दीड लीटरचे डिझेल यंत्र, सुमारे दहा लाखांपासून किंमत, छपरातून साऱ्या गाडीत खेळणारी थंड हवा. ग्लोबल एनकॅपच्या धडकेच्या चाचणीत तिला त्याच वर्षी पाचांपैकी चार तारे मिळाले. परंतु गिऱ्हाईक मिळाले नाही आणि ती मागे पडली. कॅरेन्स आपल्या शेजारच्या आंध्रातच, बंगळूरच्या हमरस्त्यावरील पेनुकोंड्यास तयार होते. तिचे ११५ अश्वशक्तीचे डिझेल यंत्र भरलेल्या गाडीस पुरेसे आहे, तिसऱ्या ओळीत प्रौढ माणूस बसू शकतो आणि सहा हवेच्या पिशव्या सर्व प्रतींत आहेत. धडकेच्या चाचणीत २०२२ साली तिला तीन तारे मिळाले. दुसऱ्या पिढीच्या अर्टिगासही २०१९ मध्ये तीनच मिळाले होते. सात जिवांच्या गाडीस तीन तारे हे आमच्या मते थोडे आहेत, मग किंमत कितीही सोयीची असो.

आमच्या घरी सध्या हाच विचार चालू आहे. गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे २०२८ मध्ये पुरी होतील. श्रवणबेळगोळच्या बाहुबलींचा महामस्तकाभिषेक २०१८ नंतर पुन्हा २०३० मध्ये यावयाचा आहे, आणि त्यास सर्वांनी एकत्र जावयाचे मातोश्रींनी आतापासून सांगून ठेविले आहे. वही पाहिली तर गेल्या तीन वर्षांत गाडी दर वर्षी आठ-नऊ हजारांपुढे गेलेली नाही. मुले शिकावयास बाहेर गेली, काकी आता प्रवास करीत नाहीत. या वेगाने डिझेलचे जादा दोन लाख फिटण्यास नऊ-दहा वर्षे लागतील. पुतण्या अजूनही डिझेलच म्हणतो. मातोश्रींनी यंत्राविषयी मत दिलेले नाही; मधल्या ओळीतले दाराजवळचे आसन आपले, एवढेच त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहवून घेतले आहे.